तांब्याच्या धुरानं काय नेलं

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "रवींद्र, तुम्ही काम काय करता?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल होत नाही म्हणून आम्ही चार दवाखाने पालथे घातले होते. पण हा प्रश्न मला कुठेच कुणी विचारला नव्हता.

"पिंपळगाव बसवंतला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे," मी म्हणालो. "वडिलांपासूनचं. विहिरीच्या, बोअरच्या मोटारी जळल्या की आमच्याकडे येतात. आतली जुनी तार काढायची, नवी भरायची."

"जुनी तार काढल्यावर तिचं काय करता?"

"पेटवतो. तारेवर प्लॅस्टिक असतं. ते जळून गेलं की नुसतं तांबं उरतं. मग भंगारात देतो."

"कुठे पेटवता?"

"दुकानामागे. घरही तिथंच आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग रिपोर्ट आमच्याकडे फिरवला आणि एका लांबलचक शब्दाखाली पेनाने रेघ ओढली. ऑलिगो-ॲस्थेनो-टेराटो-झूस्पर्मिया. "हे तीन शब्द एकात कोंबलेत," ते म्हणाले. "ऑलिगो म्हणजे शुक्राणूंची संख्या कमी. ॲस्थेनो म्हणजे जे आहेत ते नीट पोहत नाहीत. टेराटो म्हणजे त्यांचा आकार बिघडलेला. तुमच्यात तिन्ही आहे, आणि बरंच आहे. याआधी ही तपासणी कधी केली होती?"

माझ्याऐवजी माझ्या बायकोने, मनीषाने उत्तर दिलं. "केली होती ना, पाच वर्षांपूर्वी. नॉर्मल होती."

"तो रिपोर्ट आहे?"

"हरवला," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

तो रिपोर्ट हरवला नव्हता. तो कधी नव्हताच. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यातल्या बाईंनी मला वीर्याची तपासणी करून यायला सांगितलं होतं. मी मोटरसायकलवर नाशिकला आलो, लॅबच्या दारापर्यंत गेलो, समोरच्या टपरीवर दोन चहा प्यायलो आणि परत गेलो. घरी सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. मला वाटायचं, माझ्यासारख्या धडधाकट माणसात काय दोष असणार? बोअरची पाच हॉर्सपॉवरची मोटार मी एकटा उचलतो. आणि मनातून भीतीही होतीच, नाहीतर खोटं कशाला बोललो असतो?

त्या एका खोट्यामुळे मनीषाच्या तपासण्या वाढत गेल्या. गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी नावाची तपासणी करतात, त्यात आत औषध सोडून एक्स-रे काढतात. तिला ती फार दुखली. मग लॅप्रोस्कोपी झाली, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघतात. त्यात काही निघालं नाही. तिच्या पोटावर तीन ठिकाणी टाके पडले. तिला घरी आणलं तेव्हा मी तिच्यासाठी पेरू घेऊन आलो होतो, ती आवडीने खाते म्हणून.

हे सगळं लाज बाजूला ठेवून लिहितो आहे, कारण मला माहीत आहे की माझ्यासारखे आणखी आहेत. लॅबच्या समोर चहा पिऊन परत जाणारे.

मनीषा एका मळ्यातल्या वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला ती तीस-पस्तीस लेकरांची वजनं करते. काट्याला अडकवलेल्या झोळीत बाळ ठेवायचं, ते रडायच्या आत आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एकदा तिचा डबा राहिला म्हणून मी द्यायला गेलो होतो. दारातून पाहिलं. बाळ झोळीतून काढल्यावर ती लगेच आईकडे देत नव्हती. वजन लिहिलेलं असायचं, सगळं झालेलं असायचं, तरी थोडा वेळ खांद्यावर ठेवायची. मी डबा बाहेरच मदतनीस बाईंकडे देऊन निघालो.

एकदा एका आईने तिला सांगितलं, "ताई, माझ्या बाळाला मदतनीस मावशी उचलू देत." मनीषाने मला हे तीन दिवसांनी सांगितलं, भाकरी थापता थापता. त्या बाईचं नाव मी विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला पाहिजे? तिचं बाळ चांगलं वाढतंय."

त्या दिवशी नाशिकच्या त्या दवाखान्यातून आम्ही मोटरसायकलवर घरी निघालो. ओझरच्या अलीकडे मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिला खरं सांगितलं. लॅब, चहा, सगळं. मागून ट्रक जात होते, त्यामुळे मला काही वाक्यं दोनदा बोलावी लागली. खोटं बोलल्याचं कबूल करताना ते मोठ्याने ओरडून दोनदा सांगावं लागणं, याच्याइतकी वाईट गोष्ट मला माहीत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला भूल द्यायला नेत होते, तेव्हा तुम्ही बाहेरच होता ना?"

"हो."

"तेव्हा तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी घोटीला गेली. भांडण नाही, रडारड नाही. भातलावणीचे दिवस होते, आईला मदत पाहिजे, असं नानांना सांगून गेली. नाना म्हणजे माझे वडील. आई वारल्यापासून घरात आम्ही तिघंच. माझी थोरली बहीण लग्न होऊन चांदवडला असते.

उरलेल्या तपासण्या मी एकट्याने केल्या. रक्त देऊन हार्मोन पाहिले. त्यात एफएसएच नावाचं एक असतं. मेंदू त्या हार्मोनने वृषणांना काम करायला सांगतो. माझं एफएसएच वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मालक ओरडतोय, पण कारखान्यातून माल निघत नाही, असा त्याचा अर्थ." मग कलर डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीचाच प्रकार. वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत का ते त्यात दिसतं. फुगल्या नव्हत्या. मग कॅरियोटाईप, रक्तातून गुणसूत्रं तपासतात, जन्मतःच काही दोष आहे का ते. त्याचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतात.

आणि वीर्याची तपासणी पुन्हा एकदा, कारण एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. त्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे कुणी त्या खोलीला घाबरणार नाही. छोटी खोली असते, आतून कडी असते, बेसिन असतं. नर्स नाव लिहिलेली डबी हातात देते आणि दुसऱ्या कामाला लागते. तिच्यासाठी ती रोजचीच गोष्ट असते. ज्याला मी पाच वर्षं घाबरलो ते पंधरा मिनिटांत झालं. बाहेर आलो तेव्हा बाकावर बसलेल्या कुणीही मान वर करून बघितलं नाही.

ते तीन आठवडे मला फार लांब गेले. घरी पोचलो की तिच्या चपला दारात आहेत का ते आधी बघायचो. फोन केला तर ती बोलायची, पावसाचं, लावणीचं, भावाच्या मुलाला दात आले त्याचं. नेहमीसारखंच. पण "कधी येतेस" म्हटलं की म्हणायची, "बघू." मला मूल हवं होतं, ते तर होतंच. पण त्या आठवड्यांत कळलं की इतकी वर्षं ती माझ्या बाजूला बसून ज्याची वाट बघत होती, त्यात मी तिला एकटीलाच बसवून ठेवलं होतं.

कॅरियोटाईपचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तर वेटिंग रूममध्ये मनीषा बसलेली. घोटीहून सकाळची एसटी धरून सरळ आली होती. चपलांना लावणीचा चिखल वाळलेला होता. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "तारीख मला पाठ होती."

त्या दिवशीचं डॉक्टरांचं बोलणं मी जसं आठवतं तसं लिहितो.

गुणसूत्रं चांगली होती. व्यसन नव्हतं, लहानपणी गालगुंड झाल्याचं आठवत नव्हतं, कुठे मार लागलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आता मी तुमच्या कामाकडे परत येतो. मागच्या वेळी एक विचारायचं राहिलं. घरी कोंबड्या होत्या का?"

मला वाटलं चुकून दुसऱ्याच पेशंटचं विचारतायत. "होत्या. आहेत. पाच-सहा असतातच."

"कुठे फिरतात?"

"मागच्या अंगणातच."

"जिथे तार जाळता तिथे?"

"हो. राख उकरतात. तिथं किडे सापडतात त्यांना."

"अंडी तुम्ही खायचात?"

"रोज. लहान होतो तेव्हापासून. मी फार बारीक होतो, म्हणून नाना मला रोज सकाळी दोन अंडी द्यायचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी डायऑक्सिन हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. तारेवरच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं. ते उघड्यावर जळलं की डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात, आणि तांबं जवळ असलं की ती जास्त तयार होतात. ती धुरात असतात, राखेत बसतात, मातीत मुरतात. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात. राख उकरणाऱ्या कोंबडीच्या चरबीत, तिथून अंड्याच्या बलकात, तिथून माणसात. एकदा शरीरात गेली की वर्षानुवर्षं निघत नाहीत. शरीर हार्मोनच्या भाषेत बोलतं, त्या बोलण्यात ती लुडबुड करतात.

"मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला त्याचा धोका जास्त," ते म्हणाले. "शुक्राणूंना वाढवणाऱ्या, सांभाळणाऱ्या पेशी असतात, सर्टोली पेशी म्हणतात त्यांना. त्या किती असणार हे वयात येण्याआधीच बरंचसं ठरतं. त्या वयात ढवळाढवळ झाली तर पुढे आयुष्यभर उत्पादन कमी राहू शकतं."

मनीषाने विचारलं, "म्हणजे ह्यांना त्यानंच झालं?"

"हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रक्तातलं डायऑक्सिन मोजायची सोय आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि आकडा कळला तरी माझे उपचार बदलणार नाहीत. कित्येक पुरुषांत कारण सापडतच नाही. पण बाकीची दारं मी एकेक करून बंद केली आहेत, आणि हे दार उघडं आहे. जाळणं आजपासून बंद करा. ती अंडी खाऊ नका. आणि ती राख झाडू नका, उडेल."

औषध काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, डायऑक्सिन बाहेर काढणारं औषध नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने धुरापासून लांब राहा, मग पुन्हा मोजू. थोडं सुधारलं तर चांगलं. पण लहानपणीचं नुकसान असेल तर फार आशा धरू नका. इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मला आधी भेटला असता तर मी त्याचा राग केला असता. त्या दिवशी बरं वाटलं.

मनीषा माझ्याबरोबर घरी आली. मुंबई नाक्यावर सिग्नलला थांबलो असताना तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. पिंपळगाव येईपर्यंत तो तिथेच होता.

नानांना सांगायला मला चार दिवस लागले. ते सत्तरीचे आहेत. आमचं दुकान त्यांनी शून्यातून उभं केलं. शेवटी दुपारी जेवणं झाल्यावर सांगितलं. आधी त्यांना वाटलं, मी धंदा बंद करायचं निमित्त शोधतोय.

"आरं, मी बी तर त्याच धुरात व्हतो," ते म्हणाले. "चाळीस वर्सं. मला दोन लेकरं झाली. मला कसं काय झालं नाय?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते देणं अवघड होतं. मनीषाने दिलं. शांतपणे, अंगणवाडीतल्या आयांना समजावते तशी. "नाना, तुम्ही दुकान टाकलं तेव्हा मोठे होतात. हे लहान होते. लहान अंगाला जास्त लागतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि अंड्यांतूनही गेलं असेल."

नाना बराच वेळ हातातली सुपारी कातरत बसले. कातरली, पण तोंडात टाकली नाही.

"म्या सोताच्या हातानं सोलून दिली अंडी," ते म्हणाले. "हा बारीक व्हता. शाळेत पोरं चिडवायची. म्हनलं, बाजारच्यापरीस घरची बरी."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?" मी म्हणालो.

"ते खरं. पर दिली म्याच."

तिसऱ्या दिवशी नानांनी ट्रॅक्टरभर मुरूम मागवला. जाळायच्या जागेवर आधी पाणी मारून माती बसवली, धूळ उडू नये म्हणून तोंडाला उपरणं बांधलं, वर मुरूम पसरला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावर कोबा करून घेतला. कोंबड्या विकून टाकू, असं मी सुचवलं तर माझ्यावर चिडले. "दुसऱ्याच्या पोराला खाया घालाया?" त्यांनी जाळीचा खुराडा केला. अंडी ते रोज खड्डा करून पुरायचे. एकेक करून त्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. नाना आता अंडंच खात नाहीत.

धंद्याची पद्धतही बदलली. तार आता जाळत नाही. छिन्नीने कॉईलचं, म्हणजे गुंडाळलेल्या तारेचं, डोकं कापायचं, तार ओढून काढायची आणि प्लॅस्टिकसकट भंगारात द्यायची. भाव कमी मिळतो, वेळ जास्त जातो. आमच्या भागातल्या दुसऱ्या रिवायंडिंगवाल्यांनाही मी जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकलं. एक म्हणाला, "आमच्या बापानं जाळली, आम्हाला चार-चार पोरं हायेत." मी त्याला म्हणालो, "तुझी पोरं धुराच्या आसपास खेळतात, तेवढं बघ." नंतर त्याने काय केलं मला ठाऊक नाही.

तीन महिन्यांनी मोजलं. किंचित वाढ होती. डॉक्टर म्हणाले, नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता फार कमी, पण इक्सी करता येईल. इक्सी म्हणजे प्रयोगशाळेत एकच चांगला शुक्राणू निवडून तो बारीक सुईने स्त्रीबीजाच्या आत सोडतात. आपल्याकडे लाखो नसले तरी चालतात, थोडे चांगले पुरतात.

हे ऐकून मला आनंद झाला, आणि लगेच कळलं की दोष माझ्यात असला तरी सुया पुन्हा तिलाच. जास्त बीजं तयार व्हावीत म्हणून दहा-अकरा दिवस रोज पोटात इंजेक्शन. ती अंगणवाडीत जायच्या आधी ते मी द्यायला शिकलो. पहिल्या दिवशी मी सुई टोचायच्या आधीच मागे घेतली. ती म्हणाली, "बारीक तार भरताना कसा हात धरता, तसा धरा." तसा धरला, मग जमलं.

बीजं काढली त्या दिवशी तिला भूल दिली. मी बाहेर बसलो होतो. या वेळी माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. तिला आत नेताना मी तेवढंच तिला सांगितलं. ती हसली, म्हणाली, "आता काय, सगळं डॉक्टरांनी मोजूनच ठेवलंय."

आठ बीजं मिळाली, चार फळली, पाच दिवसांनी एकच गर्भ चांगला वाढलेला होता. तो तिच्या गर्भाशयात सोडण्याआधी आम्हाला पडद्यावर दाखवला. गोल, आत बारीक बारीक पेशी. डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पडद्यावर ताटाएवढा. मनीषा पडद्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. मग पडदा बंद झाला.

पुढे चौदा दिवस थांबायचं असतं. कुणी सांगत नाही पण सांगतो, हेच सगळ्यात अवघड दिवस असतात. त्या दिवसांत मनीषाने अंगणवाडीत एकाही लेकराला उचललं नाही. मदतनीस मावशी उचलायच्या, ही वह्या भरायची. मी दुकानात असलो की अर्धं लक्ष फोनकडे. बाळाच्या नावाचा विषय आम्ही कुणी काढला नाही. पण एकदा ती भाजी निवडताना म्हणाली, "भर पावसाळ्यात येईल." मी म्हणालो, "हं." आयुष्यात तेवढेच चौदा दिवस आम्ही कुणाचे तरी आईबाप होतो, असं मला अजून वाटतं.

चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी तपासलं. गर्भ रुजला असेल तर ते हार्मोन रक्तात वाढतं. वाढलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं, नर्सकरवी नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "तुमचं काही चुकलं नाही," ते मनीषाला म्हणाले. "काही पथ्य मोडलं म्हणून असं होत नाही."

बाहेर आल्यावर तिने पदराने चेहरा पुसला. मी म्हटलं, थोडं बसू या कुठंतरी. ती म्हणाली, "नको. उद्या वजनं आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने सगळी लेकरं स्वतः उचलली. हे मला मावशींकडून कळलं.

पुन्हा प्रयत्न करता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मला करायचा होता. खरं सांगायचं तर मला माझ्या तोंडावळ्याचं मूल हवं होतं. नानांसारखे मोठे कान असलेलं, हट्टी. रस्त्याने कुणी बाप पोराला पुढे टाकीवर बसवून चालला की माझी नजर अजून त्या गाडीमागे जाते. दोन महिने मी अधूनमधून विषय काढत राहिलो. एकदा मनीषा म्हणाली, "हे तुमच्या मोटारीसारखं नाही, एक जळली की दुसरी भरायची. माझं अंग आहे हे. मला आता सुई नको." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मूल मात्र पाहिजे."

त्या दोन वाक्यांच्या मधे जे अंतर होतं, ते पार करायला मला वेळ लागला. मूल हवं असणं आणि माझं मूल हवं असणं, या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या करूनच पाहिल्या नव्हत्या. ती दर महिन्याला तीस-पस्तीस लेकरं खांद्यावर घेते. त्यातलं एकही तिचं नाही, आणि तिने कधी त्यांना धरताना हात आखडता घेतलेला मी पाहिला नाही.

आम्ही दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. मुलगा की मुलगी असं विचारतात, तिथे कोणतंही चालेल असं भरलं. कागदपत्रं झाली, मग एक समाजसेविका घर बघायला आल्या. त्याला होम स्टडी म्हणतात. त्या घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलतात. आम्हाला त्यांनी आजाराचं विचारलं, आम्ही काही लपवलं नाही. मग त्या ओसरीवर नानांकडे वळल्या. नानांनी त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि सकाळपासून तोंडात सुपारी टाकली नव्हती.

"आजोबा," बाईंनी विचारलं, "बाळ तुमच्या रक्ताचं नसेल. चालेल तुम्हाला?"

नानांशी आम्ही हे नीट बोललोच नव्हतो. विचारायची हिंमत झाली नव्हती.

नाना म्हणाले, "ताई, रक्ताच्याला म्या जपाया गेलो आन् नकळत धूर पाजला. जे येईल त्याचं रक्त म्या इचारनार नाय. त्यानं मला आज्जा म्हनलं म्हंजी झालं."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

याला आता सव्वा वर्ष झालं. यादी मोठी असते, दोन-तीन वर्षंही लागतात असं सांगतात. ज्यांना हे वाचून स्वतःचं काही आठवलं असेल त्यांना एवढंच सांगतो, तपासणी दोघांची करा आणि पुरुषाची आधी करा, ती सोपी असते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपलं काम काय आहे, घरामागे काय जळतं, हे आपणहून सांगा. आणि लेकरं जिथे खेळतात तिथे तार, टायर, प्लॅस्टिक पेटवू नका. मला हे कळलं तेव्हा माझ्यापुरता उशीर झाला होता.

मनीषाने मागच्या महिन्यात नानांचं जुनं मऊ धोतर धुऊन, फाडून त्याची लंगोटं शिवली. बाळ किती महिन्यांचं येईल ते कुणालाच माहीत नाही. कदाचित लंगोटं लागणारही नाहीत, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "असू देत." त्यांची घडी करून तिने कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आहेत. पंधरा दिवसांनी एकदा ती बाहेर काढून उन्हात वाळवते, आणि संध्याकाळी घडी घालायला मी तिच्याबरोबर बसतो.